सतरा अंकांची एक संख्या आणि तिचे गुण



या अंकात गणिताचा एक पाठ देत आहे. संपूर्ण पाठ एकाच संख्येवर आहे. ती संख्या अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नऊपर्यंत चढते, पुन्हा नऊपासून एकपर्यंत उतरते. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, सारखीच. एकूण अंक सतरा. ही संख्या नऊ एक्क्यांचा वर्ग आहे, म्हणजे

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

अशा संख्या मुले एकमेकांना मोबाईलवर पाठवतात, "वा, कमाल आहे" म्हणतात आणि पुढे सरकतात. आपण आज तेवढ्यावर थांबणार नाही. ही कमाल कशामुळे घडते, कुठपर्यंत चालते आणि कुठे मोडते, हे पाहणार आहोत. त्यासाठी सहावीपर्यंतचा गुणाकार, बेरीज आणि भागाकार पुरेसा आहे. कागद-पेन्सिल मात्र हातात हवी. गणित नुसते वाचून होत नाही, करावे लागते.

१. ही संख्या वाचायची कशी?

आपल्या राजेगावच्या मुलांना दोन भाषांतून गणित करावे लागते. पुस्तकात हिंदी, घरी मराठी. बाघ नदीच्या पुलापलीकडे महाराष्ट्र, तिथल्या आते-मामेभावंडांच्या पुस्तकात मराठी शब्द. लहान संख्यांना त्याने फारसे अडत नाही. संख्या मोठी झाली की अडते.

हिंदी पद्धतीने आपल्या संख्येत उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम द्या :

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१

आता वाचा : बारा पद्म, चौतीस नील, छप्पन्न खरब, अठ्ठ्याहत्तर अरब, अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस.

मराठीत जुनी नावे निराळी आहेत. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली. त्यात दहा-दहा पटींनी वाढणाऱ्या अठरा स्थानांची नावे दिली आहेत : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. मराठी अंकगणितात हीच परंपरा आली. आपल्या संख्येचे सतरा अंक या अठरा घरांपैकी सतरा घरे भरतात. पहिला १ 'मध्य' या घरात बसतो, मधला ९ 'अर्बुद' या घरात. फक्त 'परार्ध' रिकामे राहते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मराठीतील खर्व आणि हिंदीतील खरब एक नाहीत. खर्व म्हणजे दहा अब्ज, एकावर दहा शून्ये. खरब म्हणजे शंभर अरब, एकावर अकरा शून्ये. दहा पटींचा फरक आहे. तसेच लीलावतीतील अर्बुद दहा कोटींचा, तर हिंदीतील अरब शंभर कोटींचा. शब्द ऐकायला जवळचे आहेत म्हणून किंमत सारखी समजू नये. शंका आली की शून्ये मोजावीत. शून्ये दोन्ही भाषांत सारखीच.

२. ही संख्या किती मोठी आहे?

नुसते "खूप मोठी" म्हटल्याने समजत नाही. आपण धानाच्या मुलखातले लोक, तेव्हा तांदळानेच मोजू.

एक हजार दाण्यांचे वजन २० ग्रॅम धरू. वाणाप्रमाणे थोडे कमी-जास्त होईल, हिशेबासाठी २० ठीक आहे. मग,

एक किलोत दाणे : ५० हजार
एका टनात दाणे : ५ कोटी

आपल्या संख्येला ५ कोटींनी भागा. उत्तर येते सुमारे २४ कोटी ६९ लाख टन. भारतात २०२२-२३ मध्ये सुमारे साडेतेरा कोटी टन तांदूळ पिकला. म्हणजे आपल्या संख्येइतके दाणे जमवायला सगळ्या देशाचे जवळजवळ दोन वर्षांचे पीक लागेल.

इतकी मोठी संख्या, आणि तिचा प्रत्येक अंक आपल्याला एकही मोठा गुणाकार न करता सांगता येतो. तो कसा, हे पुढे पाहू.

३. चढण आणि उतरण कशी तयार होते?

लहानापासून सुरुवात करू.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

नमुना दिसला. पण नमुना दिसणे आणि कारण कळणे यांत फार अंतर आहे. कारण पाहायचे तर १११ × १११ हा गुणाकार आपण पाटीवर मांडतो तसा मांडा. एकक, दशक, शतक प्रत्येक वेळी १ च आहे, म्हणून प्रत्येक ओळीत १११ च येणार. फक्त दर ओळ एक घर डावीकडे सरकणार :

००१११
०१११०
१११००
———
१२३२१

आता उभ्या रकाने पाहा. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक एक्का, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा दोन, पाचव्यात एक. उत्तराचा प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यातील एक्क्यांची मोजणी. दुसरे काही नाही.

नऊ एक्के घेतले की नऊ ओळी होतात. उजवीकडून मोजणी १, २, ३ करत ९ पर्यंत चढते. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ ओळी एकावर एक येतात. पुढे एकेक ओळ संपत जाते आणि मोजणी ८, ७, ६ करत १ वर येते. एकूण रकाने ९ + ८ = १७. म्हणून सतरा अंक. उलट-सुलट सारखी का, याचेही उत्तर इथेच मिळते : ज्या क्रमाने ओळी सुरू झाल्या, त्याच क्रमाने त्या संपतात.

हे कारण समजलेल्या मुलाला ही संख्या पाठ करावी लागत नाही. तो ती केव्हाही स्वतः तयार करू शकतो.

४. दहावा एक्का

आता खरा प्रश्न. नऊ वेळा नमुना बरोबर ठरला. दहा एक्के घेतले तर काय होईल?

विद्यार्थ्यांनी इथे वाचणे थांबवावे, आपले उत्तर कागदावर लिहावे आणि मगच पुढे वाचावे.

बरेच जण लिहितील की चढण दहापर्यंत जाईल आणि परत उतरेल. रकान्यांची मोजणी तशीच होते हे खरे : १, २, ३ … ९, १०, ९ … ३, २, १. पण मधल्या रकान्यात १० आले. एका घरात एकच अंक बसतो. म्हणून ० लिहायचा आणि हातचा १ डावीकडे न्यायचा. (हिंदीच्या तासाला आपण यालाच हासिल म्हणतो.) डावीकडे ९ होते, त्यात हातचा १ मिळून पुन्हा १०. पुन्हा ० लिहा, हातचा १. त्याच्या डावीकडे ८ होते, ते ९ झाले. तिथे हातचा संपला. उत्तर येते :

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

चढणीतला ८ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये आली, आणि संख्या उलट-सुलट सारखी राहिली नाही. नमुना मोडला.

या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. ज्याने फक्त नमुना पाहिला होता, त्याला नऊ उदाहरणांनंतर कसलीही शंका उरली नव्हती. तो शपथेवर सांगेल की दहावेही तसेच होईल, आणि चुकेल. ज्याने कारण पाहिले होते, त्याला दहावा गुणाकार न करताही कळत होते की हातचा आला की नमुना मोडणार, आणि हातचा दहाव्या एक्क्यालाच येणार. नऊ उदाहरणे म्हणजे पुरावा नव्हे. गणितात सिद्धता कशाला हवी, हे मुले दर वर्षी विचारतात. त्याचे उत्तर हे एक उदाहरण देते. परीक्षेतही असेच होते. मागील नऊ प्रश्नपत्रिका पाहून पाठांतर करणारा विद्यार्थी दहावीत प्रश्न थोडा बदलला की अडतो. कारण समजलेला विद्यार्थी अडत नाही.

५. डेमलो संख्या आणि कापरेकर सर

या कुळातील संख्यांचा अभ्यास एका मराठी शाळामास्तरांनी केला आणि त्यांना नाव दिले. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू येथे. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. १९२७ मध्ये विद्यार्थी असतानाच त्यांना गणितातील स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिक्षक म्हणून नोकरी केली. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

या संख्यांची कल्पना त्यांना जी. आय. पी. रेल्वेच्या एका स्टेशनवर सुचली. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरचे ते स्टेशन त्या काळी डेमलो म्हणून ओळखले जाई. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. म्हणून या संख्यांचे नाव डेमलो संख्या.

डेमलो संख्येची ओळख अशी. संख्येचे तीन तुकडे पाडायचे : डावा, मधला, उजवा. डावा आणि उजवा यांची बेरीज केली की सगळे अंक सारखे यावेत, आणि तोच अंक मधल्या तुकड्यात असावा. लहान उदाहरण १६५. डावा १, उजवा ५, बेरीज ६, आणि मध्ये ६. दुसरे उदाहरण १२३२१. डावा १२, उजवा २१, बेरीज ३३, मध्ये ३. आता आपली मोठी संख्या :

डावा तुकडा १२३४५६७८
मधला ९
उजवा ८७६५४३२१

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

सगळे ९, आणि मध्येही ९. म्हणजे आपली संख्या डेमलो संख्या आहे. १, १२१, १२३२१ या एक्क्यांच्या वर्गांना कापरेकर सरांनी 'अद्भुत डेमलो संख्या' म्हटले.

कापरेकर सरांचे नाव जगभर झाले ते आणखी एका संख्येमुळे : ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणि ७६४१ − १४६७ = ६१७४. एकदा ६१७४ आली की तिथून सुटका नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे येऊन पोहोचते. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. भारतात बरीच वर्षे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग नाव सर्वदूर पोहोचले. देवळालीसारख्या गावात राहून, वर्ग सांभाळून, फक्त कागद-पेन्सिलीवर हे काम झाले. मोठी प्रयोगशाळा लागली नाही, मोठे शहर लागले नाही.

६. आपल्या संख्येचे अवयव

आता आपल्या संख्येला आतून उघडून पाहू. अंकांची बेरीज करा. चढणीची बेरीज १ ते ८ म्हणजे ३६, उतरणीची ३६, मधले ९. एकूण ८१.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला कापरेकर सरांनी 'हर्षद संख्या' हे नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. १८ ची बेरीज ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो, म्हणून १८ हर्षद. वर्षांची संख्या पाहिली तर २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ ही सलग चार वर्षे हर्षद होती. मागचे २०२१ नव्हते, पुढचे २०२६ ही नाही. स्वतः भागून पाहा.

आपली संख्या हर्षद आहे का? म्हणजे तिला ८१ ने भाग जातो का? इथे घाई करू नये. ९ ची कसोटी सर्वांना माहीत आहे : अंकांच्या बेरजेला ९ ने भाग गेला तर संख्येलाही जातो. पण हीच कसोटी २७ किंवा ८१ ला लावता येत नाही. १८९९ या संख्येची बेरीज २७ आहे, पण २७ ने १८९९ ला भाग जात नाही. म्हणून बेरीज ८१ आली एवढ्यावर निकाल देता येणार नाही. कारण शोधले पाहिजे.

कारण सोपे आहे. नऊ एक्क्यांची बेरीज ९. म्हणून १११११११११ ला ९ ने भाग जातो. आणि आपली संख्या म्हणजे त्याचाच वर्ग. ज्या संख्येला ९ ने भाग जातो, तिच्या वर्गाला ९ × ९ म्हणजे ८१ ने भाग जाणारच. तेव्हा आपली संख्या हर्षद आहे. भागाकार असा :

१२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ८१ = १५२४१५७८९९७१०४१

आता मूळ संख्यांपर्यंत जाऊ. (हिंदी पुस्तकात यांना अभाज्य संख्या आणि अवयवांना गुणनखंड म्हणतात.)

१११११११११ = १११ × १००१००१
१११ = ३ × ३७
१००१००१ = ३ × ३३३६६७

म्हणजे नऊ एक्के = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आणि आपली संख्या त्याचा वर्ग, म्हणून तिच्यात ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा.

३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे कसे ठरवायचे? तिचे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या मध्ये येते. म्हणून ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे. एकानेही नि:शेष भाग गेला नाही की संख्या मूळ ठरली. अशा मूळ संख्या १०६ आहेत. एकट्याला कंटाळवाणे काम आहे. पण ५३ मुलांना प्रत्येकी दोन भागाकार वाटून दिले तर एका तासात होते. आठवी-नववीच्या वर्गांनी मिळून हे जरूर करावे. त्यात एकाचा भागाकार चुकला तर सगळ्यांचा निष्कर्ष कच्चा राहतो, म्हणून प्रत्येकाने शेजाऱ्याची वही तपासावी.

अवयव कळले की विभाजक किती, हेही मोजता येते. ३ एकदाही न घेता किंवा एक, दोन, तीन, चार वेळा घेऊन, असे पाच प्रकार. ३७ चे तीन प्रकार, ३३३६६७ चे तीन प्रकार. ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची संख्या विषम आली, आणि हे वर्गसंख्येचे लक्षण आहे. विभाजक नेहमी जोडीने येतात. वर्गसंख्येत मात्र वर्गमूळाची जोडी स्वतःशीच असते, म्हणून एक एकटा उरतो. आपल्याकडे तो एकटा म्हणजे १११११११११.

७. यंत्र कुठे थांबते?

आता पालकांनी आणि कार्यालयीन काम करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे.

मोबाईलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर हा गुणाकार केला तर पुष्कळदा सगळे सतरा अंक दिसत नाहीत. सुरुवातीचे काही अंक आणि पुढे १६ चा घात एवढेच दिसते. संगणकावर एक्सेलच्या तक्त्यात ही संख्या टाकली तर ती अशी राहते :

१२३४५६७८९८७६५४३००

शेवटचे २ आणि १ गेले, जागी शून्ये आली. यंत्र बिघडलेले नसते. ते पहिले पंधरा अंकच सांभाळते, त्यापुढे शून्य भरते. कोणतीही सूचना देत नाही.

याचा आपल्या व्यवहाराशी संबंध आहे. आधार क्रमांक १२ अंकी, समग्र सदस्य आयडी ९ अंकी, ते सुरक्षित राहतात. पण बँक खात्याचा क्रमांक सोळा किंवा सतरा अंकी असेल आणि शिष्यवृत्तीच्या यादीत तो साध्या संख्येप्रमाणे टाकला, तर शेवटचे अंक शून्य होतात आणि मुलाचे पैसे अडकतात. उपाय सोपा आहे. क्रमांक लिहिण्यापूर्वी त्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करून घ्यावा. खाते क्रमांकाची कधी बेरीज-वजाबाकी करायची नसते. तो अंकांत लिहिलेले नाव आहे, तेव्हा त्याला नावासारखेच वागवावे.

चूक पकडायची कशी? यासाठी आजोबांच्या काळची ९ ची कसोटी आजही कामाची आहे. मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ८१, पुन्हा ८ + १ = ९. यंत्रातील संख्येची बेरीज ७८, पुन्हा ७ + ८ = १५, पुन्हा १ + ५ = ६. नऊच्या जागी सहा आले, म्हणजे कुठेतरी अंक बदलला. सातवीचा मुलगा अर्ध्या मिनिटात ही चूक पकडू शकतो, आणि तीही यंत्राची.

या कसोटीची मर्यादाही सांगितली पाहिजे. अंकांची अदलाबदल झाली, ५४ च्या जागी ४५ लिहिले, तर बेरीज बदलत नाही आणि कसोटीला चूक दिसत नाही. म्हणून बेरीज जुळली तरी पासबुकाशी एकेक अंक ताडून पाहावा. पण बेरीज जुळली नाही, तर चूक आहे हे नक्की.

८. पालक आणि विश्वस्तांस विनंती

घरी मुलांचे पहाडे म्हणवून घेणे अनेक घरांत बंद झाले आहे. मोबाईल आहे, मग पाठ कशाला, असे मुले विचारतात. त्यांना हा पाठ वाचून दाखवावा. यंत्र वापरण्यास शाळेचा विरोध नाही. यंत्राचे उत्तर तपासता येईल एवढे गणित मात्र प्रत्येक मुलाच्या हातात असावे, एवढीच अपेक्षा आहे. हातचा कळलेल्या मुलाला दहाव्या एक्क्याचे कोडे सुटते आणि ९ ची कसोटी येणाऱ्याला यादीतील चूक सापडते. ही दोन्ही साधने पैसे खर्चून घ्यावी लागत नाहीत.

घरी हिशेब करताना मोठ्यांनी मराठी शब्दही वापरावेत. हातचा, पाढा, अवयव, मूळ संख्या. मुलाला हासिल, पहाडा, गुणनखंड, अभाज्य हे शब्द शाळेत मिळतातच. दोन्ही येणारे मूल नदीच्या दोन्ही काठांवर गणित करू शकते.

विश्वस्त मंडळास विनंती आहे की वाचनालयाच्या बाहेरील भिंतीवर एक फळा 'संख्या-फळा' म्हणून ठेवण्यास अनुमती द्यावी. दर सोमवारी त्यावर एक संख्या लिहिली जाईल आणि आठवडाभर कोणत्याही वर्गाच्या मुलाने तिचा एक गुण कारणासह लिहावा. कारण नसेल तर गुण धरला जाणार नाही.

स्वतः करून पाहा

१. १११११ चा वर्ग ओळी मांडून काढा. उत्तर डेमलो संख्या आहे का ते तीन तुकडे पाडून तपासा.

२. १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ यांची बेरीज करा. ही बेरीज नऊ एक्क्यांच्या किती पट आहे?

३. १२३४५६७९ (यात ८ नाही) ला ९ ने गुणले तर नऊ एक्के येतात. तर मग याच संख्येला ६३ ने गुणल्यावर काय येईल? गुणाकार न करता सांगा आणि कारण लिहा.

४. ३३३३३३३३३ चा वर्ग आपल्या सतरा अंकी संख्येवरून काढा. सूचना : ३ चा वर्ग ९.

५. २०२५ नंतरचे पहिले हर्षद वर्ष कोणते? तुमचे जन्मवर्ष हर्षद आहे का?

६. अकरा एक्क्यांचा वर्ग काढा. हातचा कोणत्या रकान्यांत येतो ते खुणा करून दाखवा.

७. तुमच्या आई-वडिलांच्या पासबुकातील खाते क्रमांक वहीत न लिहिता, फक्त त्याच्या अंकांची बेरीज करून एक अंक उरेपर्यंत आणा. तो अंक लक्षात ठेवा. क्रमांक कुठेही भरताना तो पुन्हा जुळवून पाहा.

पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरे कारणांसह आपल्या गणित शिक्षकांकडे महिनाअखेर द्यावीत. नुसते उत्तर स्वीकारले जाणार नाही.

आपला,
प्राचार्य
राजेगाव, जि. बालाघाट